सायकलची खूण

विमा कचेरीच्या रांगेत नर्सबाई वेल्डरकाकांच्या मागेच उभ्या होत्या, त्यामुळे खिडकीतलं बोलणं त्यांच्या कानावर पडत होतं.

"चोरीला गेलेली सायकल कुठल्या कंपनीची?"

"कंपनीची नाही. लेकीसाठी मी घरीच बनवली होती."

"मग बिल?"

"बापानं लेकीला बिल द्यायचं का, साहेब? विमा उतरवताना तुमचा माणूस बघून गेलाय."

"बरं, ओळखायची खूण सांगा. नळ्या जोडल्यात, म्हणजे वेल्डिंगचे सांधे दिसत असतील. तेच लिहितो."

"तेवढं लिहू नका."

"अहो काका, खुणेशिवाय क्लेम पुढे सरकत नाही."

"मग असं लिहा. सांधा शोधूनही सापडत नाही. सापडला, तर ती सायकल माझी नव्हे."