गोरडेवाडी फाट्यावरच्या शेडला मालक कोण?

झालं ना सगळ्यांचं? आता हा चौथा माणूस, ज्यानं याच माइकवर उभं राहून सांगितलं की सावळेराम भाऊसाहेबांनी गोरडेवाडीला सावली दिली. एकानं वडाची म्हटलं, एकानं मायेची म्हटलं. कुठं आहे ती? मला दाखवा, मी उद्या जाऊन बसते. आपल्या फाट्यावर एसटीच्या थांब्याला शेड आहे, त्याच्यावर दोन वर्षं पत्रा नाही, खाली बूड टेकायला बाकडं नाही, आणि तुम्ही पंख्याखाली बसून सावलीला टाळ्या वाजवताय. कान विटले माझे.

असू द्या. रीत आहे, ती मोडत नाही. आजच्या समारंभाचे अध्यक्ष, माजी सरपंच आणि नात्यानं माझे चुलत दीर धर्माजीअण्णा गोरडे. ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो ते आपले ग्रामसेवक सावळेराम भाऊसाहेब आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी. व्यासपीठावर दाटीनं बसलेले मानकरी, राजुरी-बेल्ह्याहून आलेले पाहुणे, सूत्रसंचालन करणाऱ्या हर्षालीबाई, आणि खाली बसलेल्या माझ्या बायांनो आणि भावांनो, सगळ्यांना नमस्कार. मी अंबाबाई, ग्रामपंचायतीची सदस्य. शाळा तिसरीत सुटली, त्यामुळे जड शब्द माझ्याकडून येणार नाहीत. हर्षालीबाईंनी "महिलांच्या वतीनं दोन शब्द" म्हणून उभं केलंय. ते दोनच राहतील असं मी म्हटलेलं नाही.

आधी चांगलं बोलते, कारण ते खरं आहे. भाऊसाहेब माणूस वाईट नाही. माझ्या सासूबाई, प्रयागबाई, त्यांचं पेन्शनचं काम या माणसानं आमच्या ओट्यावर बसून करून दिलं. सासूबाईंना ऐकू येत नाही, तर एकेक गोष्ट तीनतीनदा ओरडून विचारली आणि शेवटी चहा पण नको म्हणाले. नळाचं पाणी वरच्या आळीला त्यांच्याच काळात आलं. हे मी विसरणार नाही. आणि म्हणूनच मला जास्त किळस येते, की एवढा चांगला माणूस असून चार पत्र्यांचं काम झालं नाही. वाईट माणूस असता तर शिवी देऊन मोकळी झाले असते.

आता पाहुण्यांना माहीत नसेल म्हणून सांगते. हे शेड धर्माजीअण्णांनी बांधलं, त्यांच्या वडलांच्या, म्हणजे माझे चुलत सासरे रखमाजी यांच्या स्मरणार्थ. चांगलं बांधलं. उद्घाटनाला जेवण होतं, जिलेबी होती, मी स्वतः वाढली. काळ्या ग्रॅनाइटची पाटी, सोन्यासारखी अक्षरं. दोन वर्षांमागं वळवाच्या वाऱ्यानं पत्रे उडाले, ते वाघोलीकरांच्या मक्यात जाऊन पडले. पाटीला काही झालं नाही. एक बाकडं ट्रॉली मागं घेताना तुटलं. दुसरं कुणाच्या तरी दारात "तात्पुरतं" गेलं. कुणाच्या ते मी सांगत नाही, रोज संध्याकाळी त्यावर बसून जे गप्पा मारतात ते आत्ता मान खाली घालून बसलेत, बघून घ्या.

मग आम्ही बाया विचारायला निघालो. ग्रामपंचायतीत विचारलं, तर भाऊसाहेब म्हणाले, शेड ग्रामपंचायतीनं बांधलेलं नाही, देणगीचं आहे. अण्णांकडे गेलो, तर अण्णा म्हणाले, आम्ही बांधून गावाच्या हवाली केलं, आता गावानं बघावं. रस्त्याच्या खात्यातला साहेब म्हणाला, आमचं काम डांबरापुरतं. गाडीच्या खात्यातला म्हणाला, आमचं काम गाडी थांबवण्यापुरतं. सगळे गोड बोलले. एकानं तर पाणी दिलं. पण पत्रा कुणाचा, ते कुणी सांगेना. अण्णा, राग मानू नका, दर पुण्यतिथीला तुम्ही त्या पाटीला हार घालता. हार घालताना मान एवढी वर करावी लागते, त्याच्या अजून वीतभर वर केली असती तर आभाळ दिसलं असतं.

आणि आज तिथं सावली कशी असते, हे ऐकण्यासारखं आहे. ज्याचा वाढदिवस, त्याची सावली. पत्रा गेला पण खांब आहेत ना, त्या खांबांना पोरं फ्लेक्स बांधतात. कुठल्या तरी पुढारी दादांचा फ्लेक्स लागला की आठवडाभर तेवढ्यापुरतं ऊन अडतं. वाढदिवस झाला की सोडून नेतात, गुरांच्या वैरणीवर टाकायला. माझी शेजारीण बिबिजानभाभी मला विचारायची, "अंबू, या आठवड्यात कुणाचा बड्डे हाय का गं?" आम्ही हसायचो. मला वाटायचं, हसतेय म्हणजे हिचं बरं चाललंय.

बिबिजानभाभी म्हणजे आपल्या बदरुद्दीनभाईची बायको. बदरुद्दीनभाई, वेल्डिंगवाला, तो तिकडं मागं दाराशी उभा आहे. भाभीच्या किडन्या गेल्या. मंगळवारी आणि शुक्रवारी तिला नारायणगावला जावं लागतं, रक्त साफ करून घ्यायला. मोटरसायकलवर तिला चक्कर येते, येताना एकदा आळेफाट्याजवळ पडता पडता वाचली. पोरगा चाकणला कामाला. म्हणजे एसटी. म्हणजे फाटा. फ्लेक्स नसला की ती रस्त्याच्या पलीकडे चिंचेखाली गोणपाट टाकून बसते. ड्रायव्हरला थांबा रिकामा दिसतो, तो गाडी दामटतो. ती उठेपर्यंत, रस्ता ओलांडेपर्यंत गाडी राजुरीकडं. मी ड्रायव्हरला दोष देत नाही, झाडाखालचा माणूस गाडीची वाट बघतोय की शेळ्यांची, हे त्यानं कसं ओळखावं?

हर्षालीबाई, चिठ्ठी दिसली. बसते. मला उभं राहायची सवय आहे, त्याच फाट्यावर लागली.

तर बदरुद्दीनभाईनं काय केलं? मागच्या महिन्यात घरचे पत्रे घेतले, मशिन टेम्पोत टाकलं आणि सकाळी फाट्यावर गेला. कुणाकडे वर्गणी मागितली नाही, पाटी लावायची म्हटलं नाही. शिडी लावली, पहिला पत्रा वर चढवला. आणि मग जी गंमत झाली ती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली, कारण मी शिडी धरून उभी होते.

पहिला अण्णांचा माणूस आला. म्हणाला, वडलांच्या नावाचं शेड हाय, अण्णांना विचारल्याबिगर भोक पाडायचं न्हाय. त्याच्या मागोमाग भाऊसाहेबांचा फोन आला की ही सार्वजनिक मालमत्ता आहे, ठरावाशिवाय हात लावता येणार नाही, उद्या कुणाच्या डोक्यावर पडलं तर जबाबदारी कोण घेणार. तेवढ्यात रस्त्याच्या खात्याची जीप चालली होती, ती थांबली. साहेबानं काच खाली करून सांगितलं, रस्त्याच्या हद्दीत वेल्डिंग करू नका. आणि सगळ्यात शेवटी फ्लेक्सवाली पोरं मोटरसायकलवर. त्यांचं म्हणणं, ठिणगी उडून दादांचा फोटो जळला तर?

दोन वर्षं ज्याला मालक मिळत नव्हता, त्याला एका सकाळीत चार मालक निघाले. दुरुस्ती करायची म्हटलं की कुणाचंच नाही, दुरुस्ती होतेय म्हटलं की सगळ्यांचं. मला तिथंच रस्त्यात थुंकावंसं वाटलं. बायकांनी थुंकू नये म्हणून गिळलं. आज इथं काढतेय.

बदरुद्दीनभाई भांडला नाही. पत्रा खाली घेतला, शिडी उचलली. मला म्हणाला, "मी बायकोपुरती सावली करत व्हतो, ताई. त्याला ठराव लागतो हे म्हायती न्हवतं." बस, एवढंच. आणि भाऊसाहेब, तुमच्या पाठीमागं तुमचा फोटो असलेला हा एवढा मोठा बॅनर ज्या लोखंडी चौकटीवर ताणलाय ना, ती काल बदरुद्दीनभाईनंच जोडून दिली. तिला ठराव लागला नाही. डोक्यावर पडली तर जबाबदारी कोणाची, हेही कुणी विचारलं नाही. खुशाल टेकून बसा, त्याचं काम पक्कं असतं.

आता जे सांगते ते सांगू नको म्हणून मला शपथ घातली होती. बदरुद्दीनभाईलाही हे आत्ताच कळतंय.

काल शुक्रवार होता. भाभी चिंचेखाली बसली होती. पहिली गाडी नेहमीसारखी निघून गेली. ती दुसरीची वाट बघत बसली, डोक्यावर पदर, खाली गोणपाट, शेजारी पिशवी. एक मोटार थांबली. आतली बाई खाली उतरली, भाभीच्या मांडीवर दहाची नोट ठेवली, हात जोडले आणि गेली. भाभीला काही कळायच्या आत गेली. चांगल्या मनाची बाई असेल बिचारी. ती तरी काय करणार, आपण गावानं तिथं माणसाला बसवलंच तसं.

भाभी उठली आणि घरी आली. नारायणगावला गेलीच नाही. ती नोट तिनं माझ्या हातात दिली, म्हणाली, देवळात टाक नायतर दर्ग्यात टाक, माझ्या घरात नको. आणि मग म्हणाली, "अंबू, त्या सुयांना मी भीत न्हाय गं. पण त्या रस्त्याला मी आता परत बसणार न्हाय." आज सकाळी तिचे पाय बघितले. बोट दाबलं तर खड्डा तसाच राहतो. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलंय, एक खेप चुकली तर पुढची चुकवायची नाही. पुढची मंगळवारी आहे. ती जात नाही म्हणते. ती हट्टाची आहे, मी तीस वर्षं बघतेय.

मी हे बोलले म्हणून ती माझ्यावर चिडेल. चिडू दे. जिवंत राहून चिडू दे.

इथं कुणीतरी उठून म्हणणार, आम्ही आमच्या गाडीनं सोडतो. अण्णा, तुमची मान हलली, मी बघितली. सोडा, या मंगळवारी खरंच सोडा, उपकार होतील. पण शुक्रवारी? पुढच्या मंगळवारी? आणि बेल्ह्याच्या बाजाराला जाणाऱ्या म्हाताऱ्याला, कॉलेजच्या पोरींना, पोटुशी बाईला कोण सोडणार? दुसरा म्हणेल, वर्गणी काढू, नवीन शेड बांधू. म्हणजे नवी जिलेबी आणि नवी पाटी. अहो, बांधणं एकदाच असतं, त्याला हार मिळतो, फोटो मिळतो, म्हणून माणसं पुढं येतात. सांभाळणं दर वर्षाचं असतं आणि त्याला हार नसतो. बिनहाराचं काम देणगीदाराच्या भरवशावर चालत नाही. ते ज्याच्याकडे आम्ही घरपट्टी भरतो त्यानंच करायचं असतं. माझं म्हणणं एवढं साधं आहे. देणारा देऊ दे, त्याचं नाव लावा, पण पत्रा उडाला की तो ग्रामपंचायतीनं बसवायचा, बाकडं मोडलं की ग्रामपंचायतीनं आणायचं, आणि रस्त्याच्या खात्याची परवानगी लागत असेल तर तीही तिनंच जाऊन मागायची. गावाला कमान बांधायला जमलं ना? परवानगी मिळाली, निधी मिळाला. कमानीखाली आजवर कुणी बसलंय का?

भाऊसाहेब, तुमची बदली आहुप्याच्या बाजूला झालीय. परवा सोमवारी तुम्ही इथून मोकळे होणार, शिक्का दुसऱ्याच्या हातात जाणार. तो नवीन साहेब पहिलं वाक्य काय बोलणार, ते इथल्या लहान पोरालाही पाठ आहे: मी नवीन आहे, मला माहिती घेऊ द्या. माहिती घेईपर्यंत बिबिजानभाभीचं काय होईल? म्हणून मला उत्तर तुमच्याकडून पाहिजे, आणि अण्णा, तुमच्याकडून.

शेड कुणाचं? सोमवारी सकाळी दहाच्या आत सांगा. त्या पाटीवर गेलेल्या माणसाचं नाव आहे, ते राहू द्या, रखमाजी मामंजी भला माणूस होता. त्याखाली मला एका जित्या माणसाचं नाव पाहिजे, पत्रा उडाला तर ज्याच्या दारात जायचं त्याचं.

नाही सांगितलंत, तरी दहा वाजता बदरुद्दीनभाईचं मशिन फाट्यावर येईल आणि शिडी मी धरीन. मग ज्याला अडवायचं असेल त्यानं यावं. जो अडवील तो मालक. त्याचंच नाव तिथल्या तिथं रंगवणार, रंगाचा डबा आणि ब्रश मी घेऊनच येतेय. उरलेले पत्रे मग त्यानं चढवायचे. आणि कुणीच आलं नाही, तर पुन्हा कधी कुणी म्हणायचं नाही की आम्हाला विचारलं नव्हतं.

वहिनी, तुम्ही इथं पाहुण्या, तुमच्या समोर तुमच्या माणसाला बोलले, मनावर घेऊ नका. भाऊसाहेब, तिकडं डोंगरात गेल्यावर मोटरसायकल घरी ठेवून एकदा तिथल्या थांब्यावर बसून बघा, तेवढंच माझं मागणं. तुम्ही दोघं सुखी राहा. चहा केलेल्या बायांचे, खुर्च्या मांडलेल्या पोरांचे आणि एवढा वेळ तोंड वाकडं करून का होईना ऐकून घेणाऱ्या सगळ्यांचे आभार मानते.

बोलण्यात जे वावगं गेलं असेल त्याची माफी मागायची रीत आहे, तीही मी मोडणार नाही. पण आज नाही मागत. सोमवारी मागते, फाट्यावर, पत्र्याखाली बसून. दहाच्या आत उत्तर द्या.