खा म्हणू नको

मंडळी, आणि मालनवहिनी,

आपल्या गुरुजींच्या शोकसभेत बोलायला उभा राहिलो खरा. जन्मभर वर्गात चालीवर कविता म्हटल्या, आणि आज साधं वाक्य जड जातंय. तुम्ही लोणावळ्यातून, खंडाळ्यातून, थेट सुदुंबऱ्याहून आलात. बहुतेक जण शेलार गुरुजींच्या हातून सातवी झालेले. मी अडखळलो तर सांभाळून घ्याल. तेही त्यांनी तुम्हाला शिकवलंच आहे.

पानशेत फुटलं, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. मागे बसलेला हा भिवा आज रेल्वेत आहे. तेव्हा सातवीत होता, ठाकरवाडीतून चालत यायचा. वडील घाटात रुळांवर कामाला. दरड कोसळली आणि ते गेले. दिवस झाल्यावर भिवा वर्गात आला, आणि त्याच्या बाकावरची बाकीची पोरं उठून दुसरीकडे बसली. पोरं वाईट नव्हती. घाबरली होती. काय बोलायचं, कुणाला ठाऊक होतं? भिवा दप्तर उराशी धरून दाराकडे बघत बसायचा. हा आता शाळा सोडणार, हे गुरुजींना आणि मला, दोघांनाही दिसत होतं.

मी कवितेचा माणूस. खिडकीबाहेर धुकं दाटलेलं. म्हटलं, गुरुजी, एखादी करुण कविता घेतो, मुलांना दुःख कळेल.

गुरुजी म्हणाले, "मास्तर, तुमी म्हणता लय गोड. पर त्याच्यापाशी बसायचं कुणी?"

त्यांनी भिवाला हजेरीचं पुस्तक देऊन ऑफिसात धाडलं आणि स्वतः त्याच्या बाकावर जाऊन बसले. "आता मी भिवा. या भेटायला."

एक जण आला. "लय वाईट झालं."

"ते मला ठावं हाय. पुढं?"

"रडू नगं."

"का नगं?"

पोरगं जागेवर परतलं. दुसरा म्हणाला, "मी नुसता बसन."

"कुटं?"

"हितं. शेजारी."

"मग बस की."

तिसरा चिक्कीवाल्याचा. "मी चिक्की दीन." वर्ग हसला. गुरुजीही हसले. म्हणाले, "दे. बाकावर ठेव. खा म्हणू नको."

भिवा परतला, तेव्हा त्या बाकावर दाटीवाटी झाली होती. चिक्की दिवसभर तशीच पडून होती. शाळा सुटताना त्यानं ती खिशात घातली. दुसऱ्या दिवशी आला. मग रोजच आला.

हा धडा कुठल्या पुस्तकात होता, सांगा?

माझी पत्नी गेली, तेव्हा गुरुजी ओट्यावर येऊन बसले.  खूप वेळानं म्हणाले, "मास्तर, त्यांना आवडायची ती कविता म्हणा." मी म्हटली. त्या दिवशी मला पहिल्यांदा रडू आलं. ते ऋण मी आनंदानं मिरवतो.

गुरुजी गेल्यापासून मालनवहिनींनी धड काही घेतलं नव्हतं. आम्ही शहाणी माणसं "घ्या, घ्या" म्हणत होतो. आज सकाळी भिवा त्यांच्या शेजारी जमिनीवर बसला. चहाची कपबशी खाली ठेवली. घ्या म्हणाला नाही. चहा गार झाला. मग वहिनींनी तो उचलला.

मंडळी, अशा वेळी श्रद्धांजलीला दोन मिनिटं उभं राहायची रीत आहे. आज उठू नका. शेजारच्याजवळ जरा सरकून बसा, आणि सगळे मिळून गप्प राहू.

गुरुजी, जमतंय आम्हाला. नमस्कार.