सात नंबरचं छत आणि साहेबांचे पाय

मी, कामावर सगळे जिला मापताई म्हणतात ती, वय ३९ वर्षे, धंदा नोकरी (बोगद्यात सेन्सर बसवणे व तपासणे), राहणार कामगार वसाहत, पाण्याच्या टाकीसमोरची खोली, आज ठाण्यात समक्ष बसून, कोणाच्याही दबावाशिवाय सांगते की (दबाव हा माझ्या धंद्याचाच विषय असल्याने तो नाही, हे मी खात्रीने सांगू शकते),

वरील खोलीत मी धाकट्या भावासह राहते. तो बोगद्यात ड्रिलिंगच्या टोळीत आहे. बोगद्याला आतून काँक्रीटचे अस्तर देतात. ते ओतण्याआधी मी सळ्यांना सेन्सर बांधते. काँक्रीटवर किती ताण येतो ते वायरीतून ऑफिसच्या पडद्यावर दिसते. ताण हद्दीबाहेर गेला की बोगद्यात सायरन आपोआप वाजतो व सगळ्यांनी बाहेर पडायचे असते. शिवाय तसाच एक सेन्सर काँक्रीटच्या सुट्या ठोकळ्यात घालून ऑफिसात ठेवतात. त्याच्यावर काहीही भार नसावा, म्हणजे बाकीच्यांची तुलना करता येते. आमचा ठोकळा साहेबांच्या टेबलाखाली असे व साहेब त्यावर पाय ठेवून बसत. मी अनेकदा विनंती केली. साहेब म्हणाले, "अहो मॅडम, पायांना आराम मिळतो."

घटनेच्या दिवशी बोगदा पाहायला पाहुणे येणार होते. आदल्या दिवशी सायरन वाजून काम थांबले होते, त्यामुळे साहेबांचे डोके फिरलेले होते. सकाळी पडद्यावर पाहता छतातला सात नंबरचा सेन्सर एकदम शहाण्यासारखा वागत होता. मला बरे वाटले. मग लक्षात आले की साहेबांनी पाय ठेवले की सात नंबर किंचित वर चढतो आणि पाय काढले की खाली येतो. साहेब वजनदार माणूस आहेत हे मान्य, पण त्यांच्या पायांनी बोगद्याचे छत हलावे इतके नाहीत.

मी वायरींची पेटी उघडली. सात नंबरची वायर काढून तिच्या जागी ठोकळ्याची वायर जोडली होती. सुट्या वायरीला हातातले मीटर लावले, तर आकडा हद्दीपलीकडे होता व माझ्यादेखत चढत होता. भाऊ त्याच छताखाली होता.

मी साहेबांना सांगितले. तेथे साहेबांचे मेहुणे हजर होते. ते सुरक्षा अधिकारी आहेत. त्याआधी ते फक्त मेहुणे होते. वायर आपण बदलली हे त्यांनी नाकारले नाही. "सेन्सर बिघडलाय तो. पाहुण्यांसमोर भोंगा नको," असे म्हणून त्यांनी पेटीला कुलूप लावले व किल्ली खिशात टाकली. साहेब म्हणाले, "तुम्ही उगाच घाबरता मॅडम. एवढी शंका असेल तर तपासा ना सेन्सर. तेच तर तुमचं काम." मग दोघे पाहुण्यांना घ्यायला फाटकाकडे गेले.

मी बोगद्याकडे धावले. तोंडाशी रखवालदाराने अडवले. हेल्मेटशिवाय कोणाला आत सोडायचे नाही, असा सुरक्षा अधिकाऱ्यांचा नियम आहे, आणि पाहुण्यांना हेल्मेट कमी पडतात म्हणून माझे हेल्मेट सुरक्षा अधिकाऱ्यांनीच सकाळी नेले होते. "ताई, माझी नोकरी जाईल हो," रखवालदार म्हणाला. मी हाका मारल्या, पण ड्रिलच्या आवाजात आत कोणाला ऐकू जाणार? फोन आत लागत नाही. मला रडू आले नाही, राग आला. इतका राग मला जन्मात आला नव्हता.

मी परत येऊन ठोकळा वायरीसकट उचलला. शेजारच्या खोलीत काँक्रीटचे नमुने दाबून फोडण्याचे मशीन आहे. वायर तिथपर्यंत पुरली. ठोकळा मशीनमध्ये ठेवून मी दाब वाढवत गेले. साहेबांच्या पायांपेक्षा पुष्कळ जास्त दिला. सायरन वाजू लागला. तरी ठोकळा फुटेपर्यंत मी हात काढला नाही.

टोळी बाहेर आली. भाऊ शेवटून दुसरा होता. "ताई, परत तुझा भोंगा? पाहुण्यांच्या दिवशी तरी जरा दम धरायचास," असे तो चारचौघांत म्हणाला. मी त्याचा दंड धरला तो सोडला नाही. थोड्या वेळाने सात नंबरखालचे अस्तर पाहुण्यांसाठी मांडलेल्या खुर्च्यांवर कोसळले. पाहुणे तेव्हा फाटकापाशी फोटो काढून घेत होते. कोणाला खरचटलेही नाही. खुर्च्यांबद्दल मला वाईट वाटते.

साहेबांची तक्रार अशी की मी कंपनीचा ठोकळा फोडला व खोटा सायरन वाजवून पाहुण्यांसमोर घबराट पसरवली. ठोकळा मी फोडला. सायरनबाबत म्हणणे असे की, साहेबांनी सेन्सर तपासायला सांगितले, मी तपासला. तो उत्तम चालतो.

भाऊ बाहेर बाकावर बसून चहा पीत आहे, हेही लिहून घ्यावे.

लिहिलेले सर्व हवालदारांनी मला वाचून ऐकवले. त्यात मी "घाबरून जाऊन मशीन चालवले" असे होते. ते खोडून "ठरवून चालवले" असे करून घेतले. आता जबाब मी सांगितला तसाच आहे, म्हणून खाली सही करते.