कोळशाचा उपास

पवनारच्या थांब्यावर कुसुमबाई माळ जपत बसल्या होत्या. शेजारी भाजीवाले बंडूजी आणि त्यांची कॉलेजात शिकणारी मुलगी आचल यांचं जुंपलं होतं.

“स्लॅबवर माह्या मिरच्या वाळते. तिथं तुही पेटी काऊन ठेवू?”

“लोडशेडिंगनं सांभार-कोथिंबिरीच्या जुड्या रोज सुकते, बाबा. हे पेटी बिनालाइनीचा बर्फ करते.”

“कोळशानं बर्फ? वा रे वा!”

“करवंटीच्या कोळशाले बारीक बारीक छिद्रं असते. दिवसा उन्हात तापला का पोटातली स्पिरिटची वाफ सोडून देते. ते वाफ थंडी होऊन खाली स्पिरिट साचते. रात्री भुकेला कोळसा त्या स्पिरिटची वाफ परत ओढते. स्पिरिटची वाफ होताना बाजूच्या पाण्यातली गरमी जाते, अन् बर्फ जमते.”

“म्हणजे दिवसा उपास, रात्री पारणं?”

“हो. ढग आले का उपास मोडला. मग बर्फ नाई.”

कुसुमबाईंची माळ थांबली.

बंडूजी हसले, “तुह्या आजीपेक्षा कडक निघाला हा! मिरच्या अंगणात वाळवतो मी.”

“अन् स्लॅब?”

“त्या उपाशाले दे.”

बस आली. उठता उठता कुसुमबाईंनी पिशवीतला प्रसादाचा नारळ आचलच्या हाती ठेवला.

“खोबरं तू खाजो, माय. करवंटी त्याले देजो.”