उद्या नदी कोणत्या रंगाची?

आदरणीय अध्यक्ष उल्हासकाका, ज्यांच्यासाठी आज हा दिवा लावला त्या आपल्या सन्मानमूर्ती सिन्योरा दोनातेल्ला व्हालसेरी, त्यांची कन्या मार्ता, आणि कोलोन-न्युरेम्बर्गहून ट्रेन रखडलेली असूनही वेळेत पोहोचलेल्या माझ्या मराठी मंडळींनो, तुम्हा सर्वांना मुक्ताचा नमस्कार.

काकांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. जर्मन पाच मिनिटं की आपली, ते मात्र त्यांनी सांगितलेलं नाही.

सिन्योरांना मराठी येत नाही. नीलिमाकाकू त्यांच्या कानात जर्मनमधून सांगताहेत. काकू, कौतुकाचं सगळं सांगा. मध्ये एक जागा येईल, तिथे तेवढं जरा थांबा.

आपल्यापैकी बहुतेकांना त्या माहीत आहेत त्या गणपतीत पहिल्या रांगेत बसणाऱ्या, पुरणपोळीवर "दूध नको, तूप!" असं ठणकावणाऱ्या आजी म्हणून. मला त्या भेटल्या घरमालकिणीची आई म्हणून. मी पाण्याचं शास्त्र शिकायला हायडेलबर्गला आले तेव्हा आन्मेल्डुंगसाठी, म्हणजे सरकारदरबारी राहण्याच्या नोंदणीसाठी, पत्ता हवा होता आणि खोली मिळत नव्हती. मार्ताने आपल्या घरातली वरची खोली दिली. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. सिन्योरांना लहानपणी शिकवायला बाई घरी यायच्या. अशा आम्ही दोघी संध्याकाळी नेकारच्या काठावर एका बाकावर बसायचो. बोलणार कशाबद्दल? समोर नदी होती, तिच्याबद्दल.

उत्तर इटलीत, डोंगरांच्या पायथ्याच्या एका गावात, त्यांच्या वडिलांची लोकरीची गिरणी होती. रंगखात्याचं पाणी सरळ नदीत जायचं. लहानपणी त्यांना वाटे, नद्या रंगीतच असतात. जेवताना त्या विचारायच्या, "पापा, उद्या नदी कोणत्या रंगाची?" वडील हातातल्या ऑर्डरी आठवून म्हणायचे, "निळी. पोलिसांचे ओव्हरकोट आहेत." मग ही मुलगी शाळेत जाऊन भविष्य सांगायची, आणि दुपारी नदी खरोखर निळी होऊन यायची.

"मला वाटायचं, माझे वडील देव आहेत," त्या मला म्हणाल्या. तेव्हा नेकारवर संध्याकाळ तांबूस उतरली होती आणि त्या पाण्याकडे त्या जरा संशयानेच बघत होत्या.

मी त्यांना सांगितलं, माझेही बाबा रंगखात्यातच आहेत. कोल्हापूरकडचं आमचं गाव कापडाचं. आमचाही ओढा रंगीत. फक्त आम्हाला आदल्या दिवशी कुणी रंग सांगत नसे. बाबा घरी आले की त्यांच्या हातांवरून कळे.



पुढे सिन्योरा त्यांच्या गावाच्या नगरपालिकेत निवडून आलेल्या पहिल्या स्त्री ठरल्या. पहिल्या सभेला दारात उभ्या होत्या, तर एका सदस्याने न बघताच आपला कोट त्यांच्या हातात दिला. सिन्योरांनी अस्तर उलटून पाहिलं, कोट नीट खुंटीला अडकवला आणि म्हणाल्या, "कापड आमच्याच गिरणीचं आहे, छान टिकलंय. आता माझी खुर्ची दाखवा." हसू नका, आपल्या मंडळाच्या कार्यक्रमांत तबक धरून मीही तीन वर्षं याच व्यासपीठाच्या कडेला उभी राहिले आहे. उल्हासकाका, तुम्हीही हसलात, आभारी आहे.

मग त्या नगराध्यक्षा झाल्या. शुद्धीकरणाची सोय होईपर्यंत रंगाचं पाणी नदीत सोडायचं नाही, असा ठराव आला. मतं समसमान पडली. शेवटचं मत त्यांचं. वर सज्जात वडील बसले होते. सिन्योरांनी ठरावाच्या बाजूने हात वर केला आणि वडील उठून गेले. त्यानंतर बापलेक कधी एका टेबलावर जेवले नाहीत.

इथे टाळ्या वाजवायच्या का? मीही बाकावर बसल्या बसल्या वाजवल्या होत्या. त्यांनी माझे हात धरून थांबवले. म्हणाल्या, "थांब, हिवाळा अजून यायचाय."

त्या हिवाळ्यात रंगखातं बंद राहिलं. रोझा नावाची एक कामगार बाई चर्चच्या पायऱ्यांवर त्यांना आडवी आली. "नदी स्वच्छ झाली हो बाईसाहेब! आता काय, तिच्यात बघून केस विंचरू?" खातं पुन्हा सुरू झालं, पण तोवर कितीतरी घरं गाव सोडून जर्मनीला आली होती. रोझाही आली, कोलोनला.

आता ती जागा. मंडळी, आमच्या गावात नगरपालिकेची निवडणूक लागली आहे. आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव आहे. गावातली काही माणसं माझ्या आईला उभं करायला आली होती. "वहिनी, तुम्ही फक्त सह्या करा, बाकी आम्ही बघतो." आईने सांगितलं, "माझ्यापेक्षा बरी सही माझी लेक करते." आई हे हसत बोलली. मला मात्र त्या दिवसापासून झोप नाही. कारण मी उभी राहिले तर ओढ्याबद्दलच बोलणार, आणि बाबांची नोकरी त्या ओढ्याच्याच काठावर आहे. एकट्या बाबांचीच नाही, आमच्या गल्लीतल्या अर्ध्या घरांची.

मी सिन्योरांना रागानेच म्हटलं, "तुम्ही मालकाची मुलगी होतात. तुमच्या ताटातली भाकरी हलणार नव्हती." काकू, इथे थांबा म्हटलं होतं ना? सांगितलंत? बघा, त्या मान डोलावताहेत. "गेनाऊ," अगदी बरोबर, तेव्हाही एवढंच म्हणाल्या होत्या.

आणि मग ही गोष्ट सांगितली. मार्ताकडे राहायला जर्मनीत आल्यावर त्या सगळ्यात आधी कोलोनला गेल्या होत्या, रोझाकडे. रोझाने दार उघडलं, कॉफी विचारली नाही. सिन्योरा उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या, "ठराव चुकीचा नव्हता. पण तुमच्या हिवाळ्याचा विचार मी केला नाही. माफ करा." रोझाने विचारलं, "नदीत मासे आले का?" "आले." "बरं," ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

"तिने माफ केलं का?" मी विचारलं.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "तू आधी हिवाळ्याचा विचार कर. मग हात वर कर."

गेल्या रविवारी मी बाबांना फोन केला. ते म्हणाले, "शेठनी आज केबिनमध्ये च्या पाजला. इतक्या वर्सांत पैल्यांदा." मग म्हणाले, "पोरी, तू मला इचारू नगंस. इचारलंस तर मी न्हाई म्हणणार. म्हणून इचारू नगंस."

मी विचारलं नाही.

सिन्योरा उद्या आपल्या गावी परत जात आहेत. हल्ली त्यांना कधी कधी सकाळ आणि संध्याकाळ एकच वाटते. मध्येच मला विचारतात, "सभा किती वाजता?" मार्ता म्हणते, त्यांना जुनी माणसं, जुने रस्ते दिसले तर बरं वाटेल. आपण त्यांना आनंदाने निरोप देऊ. आणि जमल्यास थोडा मलाही द्या, कारण पुढच्या शनिवारी मीही निघते आहे. कोलोनच्या एका कंपनीने नोकरी देऊ केली होती, तिला नाही म्हणून कळवलं आहे. मी उभी राहते आहे. हिवाळ्याचा विचार पुरता झालेला नाही, पण तो इथे बसून होणारही नाही.

मंडळाने मला परक्या गावात घर दिलं, सिन्योरांनी नदीकडे बघायला शिकवलं, काकूंनी नको ते सगळं इमानाने पोहोचवलं. सर्वांची मी ऋणी आहे. माझ्या बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल, दिलेल्या वेळेपेक्षा जास्त बोलले असेन, तर आपण मोठ्या मनाने क्षमा कराल याची खात्री आहे.

बाबांची आणि आमच्या गल्लीची क्षमा मात्र इथून मागता येत नाही. ती मागायलाच मी जाते आहे.

नमस्कार.