आत सोडलेलं कापड

— नाही हो ताई, कापडात काही खोट नाही, तुमच्या छकुलीला खुलून दिसेल तो रंग. पण मी घेणार नाही. बसा ना क्षणभर, उन्हातून आलात. का घेणार नाही म्हणता? आता कुठून सांगू — बरोबर सव्वातीन वाजले होते. म्हणजे तेव्हा, पहिल्यांदा. सासूबाईंचं मशीन खिडकीशी ओढून मी नुसती बसले होते, लेक पाळण्यात, बाहेर पाटी नाही की काही नाही, आणि त्या काकू आत आल्या. माझं पहिलं गिऱ्हाईक. हातात पिवळं कापड. म्हणाल्या, सहा वर्षांच्या मुलीचा फ्रॉक शीव. माप तोंडपाठ — छाती, उंची, बाही, सगळं. मी म्हटलं, आत चार बोटं कापड सोडते, पोर वाढलं की उसवून मोठा करू. तर म्हणाल्या, "नको. आत काही सोडू नकोस." आता तुम्हीच सांगा, अशी आई बघितलीत कधी? इथे येणारी प्रत्येक जण म्हणते, दाब भरपूर ठेव गं बाई. एकीने तर इतका सैल शिवून घेतला की तिची सासू म्हणाली, फ्रॉक आहे का तंबू, मीही मावेन की आत! आणि ह्यांना टीचभरही नको.

पण माणूस लाख मोलाचं, हं. त्यांनीच दारोदार सांगितलं, तिच्याकडे जा, हाताला सफाई आहे. आज ही पाटी आहे, दोन कात्र्या आहेत, ते त्यांच्या शब्दावर. बाकी सगळं एकटीचं — मीच कापणारी, मीच काजं करणारी, आणि मीच दारात उभी राहून "उद्या नक्की" म्हणणारी. मी सातवीपर्यंत शिकलेली, मला कोण काम देत होतं?

तर काकू दर वर्षी यायच्या. तेच पिवळं कापड, तेच माप. मी एकदा म्हटलं, आता वाढली असेल की पोरगी, घेऊन या तिला, नव्याने माप घेते. त्या नुसत्या हसल्या. मग कळलं मला. असलं कुणी सांगावं लागत नाही, ताई. कळलं, आणि मी खाली मान घालून शिवत राहिले. नाही म्हटलं असतं तर त्या कुठे गेल्या असत्या ते कापड घेऊन?

आणि माझी लेक वाढतच होती ना. इथेच चिंध्यांत रांगली, इथेच पाटी गिरवली. यंदा काकू आल्या तेव्हा ह्याच स्टुलावर बसली होती — नाही, बसा बसा, तुम्ही नका उठू. तिच्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "माप कशाला? हिच्याच अंगाचा शीव." मी लेकीला जवळ ओढलं. पण शिवला. आणि तिथेच घात झाला. लेकीच्या अंगाला कापड लावलं आणि हाताने आपोआप आत चार बोटं सोडली. आईचा हात तो, त्याला कोण सांगणार? काकूंनी फ्रॉक उलटा करून पाहिला. मला वाटलं, रागावणार आता. तर तो दाब बोटांनी चाचपत म्हणाल्या, "म्हणजे आता वाढणार ती."

काल परत आल्या. "उसव गं, तोकडा व्हायला लागलाय." ताई, घेराला माती होती. काखेत घामाचा वास — आणि तो वास मला परका वाटला नाही. खिशात हात घातला तर खोडरबर. एक कोपरा कुरतडलेला. कितीदा ओरडलेय मी तिला, रबर चावू नकोस म्हणून.

उसवला? उसवला की. समोर बसून होत्या, काय करणार? मग लेकीला विचारलं. म्हणते, "शाळा सुटली की आजी बोलावते, झोपाळ्यावर बसवते. फक्त तो फ्रॉक घालायचा, आणि दुसऱ्या नावाने हाक मारली की ओ द्यायची." ओ द्यायची म्हणे! आमच्या ह्यांना सांगितलं तर म्हणतात, म्हातारीची माया आहे, तुझं आपलं काहीतरीच, तिच्या जिवावर तर धंदा उभा राहिला. असेल. माया असेल. पण आज सकाळी मी दारातून लेकीला हाक मारली, तिच्या नावाने, आणि ती वळलीच नाही. दुसऱ्यांदा मारली तेव्हा वळली. तेही कशी — कुणा दुसरीला बोलावतायत आणि आपण उगीच बघतोय, तशी.

म्हणून नको ताई, लहान मुलांचं आता नकोच. निम्मं काम जाईल, जाऊ दे. मोठ्यांचं शिवेन, परकर शिवेन, पिशव्या शिवेन. ज्यांचं वाढून झालंय त्यांचं —

किती वाजले हो? माझं ते भिंतीवरचं कधीकधी पुढे पळतं. साडेचार? तुमच्यातही साडेचार? शाळा चारला सुटते. आणि शाळा ती काय, कोपऱ्यावर.

उठा, ताई. उठा ना, मला कुलूप घालायचंय. ते कापड घ्या तुमचं, राहील इथे. आणि भेटेल त्याला सांगा, इथे मुलांचे कपडे शिवत नाहीत. त्या बाईला भेटलात तर तिलाही सांगा. आणि वाटेत कुठे माझी पोर दिसली तर म्हणावं, आई बोलावतेय. सकाळी राखाडी गणवेशात गेलीय ती.

पण तुम्ही पिवळा फ्रॉक बघा.