देवखोलची गावपळण

ऐका. ते दार आधी लोटून घ्या, वारा दिव्याला झोंबतोय. आणि मध्ये बडबड नको, सांगून ठेवते.

तिन्हीसांज टळली नि धाकू देवखोलच्या, आमच्या जुन्या गावाच्या, वाटेला लागला. एकटा! काय करील बिचारा? म्हातारा बाप, भागोजी, सकाळपासून नाहीसा. वसाहतीतल्या पत्र्याच्या घरात भागोजीचा जीव कधी रमलाच नाही. "गाव पळणीला गेलाहा, परतूचा रवला," परतायचं राहिलंय, एवढंच घोकायचा.

गावपळण तुम्हाला कुठली ठाऊक! देवाने सांगितलं की अख्खं गाव गुराढोरांसकट वेशीबाहेर जाऊन राहायचं. तेवढे दिवस गाव भुतांचं. मग कौल लावायचा, देव 'या' म्हणाला की परत. पण सरकारने खोऱ्यात अभयारण्य केलं, आम्हाला उठवून ह्या वसाहतीत आणलं. तीही पळणच की! देवालाही टेंपोत घातलं. परतायचा कौल कोण लावणार? म्हणजे गाव अजून भुतांचंच. कळलं?

तर धाकू ओढ्यापाशी आला. पलीकडे कुत्रं भुंकलं. त्याचा मोत्या! अहो, मेलेला तो. भास म्हणून पुढे गेला, तर भाताचा वास. चूल नाही तिथे भात कसला? तरी चालत राहिला. कसाबसा वेशीवर पोचला आणि बघतो तर काय! घराघरांत दिवे. जमीनदोस्त केलेली घरं उभी! आणि दारात आई. तिला ह्यानेच अग्नी दिलेला.

"इलंस रे बाबा? देवान कौल दिल्यान. ये, भात निवता हा."

अंगणात बाप पानावर बसलेला. "सगळी इली रे धाकू, बस जेवक."

धाकूचा एक पाय वेशीच्या आत पडला. आईने मनगट धरलं. हात बर्फ! तेव्हा कुठे डोकं चाललं. "देव तर आमी टेंपोत घालून नेलो! मग कौल दिलो कोणी?"

फट्कन सगळे दिवे विझले. अंधारात तो हात मनगट ओढतच होता. हिसडा मारला, कातडी सोलली, आणि धाकू पळत सुटला. बाप मागून हाका मारत होता. हा थांबला नाही.

सकाळी अभयारण्याच्या गार्डांना घेऊन गेला. बाप गवतात मरून पडलेला. तोंडात माती. भात समजून पोटभर खाल्लेली.

त्या वाटेला कोणी जायचं नाही, पोरांनो. शपथ घ्या. धाकू वाचला म्हणता? कसला वाचला, माझं कपाळ! दिवेलागणीला त्याची बायको बाहेरून कडी घालते, आणि तो आतून दार बडवत रडतो, "सोड गो माका. थंय देवखोलात सगळी माझ्यासाठी थांबली हत."